मिग की टिग: गोराईच्या खाऱ्या वाऱ्यातील घरगुती वेल्डिंग

धातूच्या दोन तुकड्यांच्या कडा वितळवून त्या एकजीव करण्याच्या क्रियेला ग्रांथिक मराठीत वितळजोडकाम म्हणतात. पण ग्रिलच्या दुकानापासून औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी वेल्डिंग हाच शब्द आहे आणि म्हणून या प्रकरणातही तोच वापरला आहे. भांड्याला डाग देताना किंवा तार झाळताना फक्त भरीचा मऊ धातू वितळतो आणि मूळ धातू घनच राहतो. वेल्डिंगमध्ये मात्र मूळ धातूच वितळतो, दोन्ही कडांचे मिळून एक चिमुकले तळे तयार होते आणि ते गोठले की जोड बनतो. यासाठी लागणारी उष्णता विजेच्या अखंड ज्योतीतून, म्हणजे कारागीर जिला आर्क म्हणतात तिच्यातून, मिळते. तिचे तापमान काही हजार अंश सेल्सिअस असते आणि लोखंड सुमारे 1,500 अंशांवर वितळते, त्यामुळे उष्णतेची अडचण सहसा पडत नाही. अडचण पडते ती हवेची. वितळलेला धातू हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून घेतो आणि गोठताना जोडात बारीक छिद्रे राहतात, जोड ठिसूळ होतो. म्हणून वेल्डिंगची कोणतीही पद्धत समजून घेताना पहिला प्रश्न असा विचारावा लागतो, की ही पद्धत त्या तळ्यापासून हवा दूर कशी ठेवते.

नाक्यावरच्या वेल्डरच्या हातात जो रॉड दिसतो, त्यावरचे लेपन जळून धूर आणि खपली तयार होते आणि ती दोन्ही मिळून हे काम करतात. मिग आणि टिग या दोन पद्धतींत मात्र हवा हटवण्यासाठी सिलिंडरमधला वायू जोडावर सोडला जातो. मिग म्हणजे मेटल इनर्ट गॅस आणि टिग म्हणजे टंगस्टन इनर्ट गॅस. मुंबईच्या कारखान्यांत ही नावे कमी ऐकू येतात. तिथे टिगला ‘आर्गन’ आणि मिगला ‘सीओटू’ म्हणण्याची रीत आहे. ही बोलीतली नावे छापील नावांपेक्षा अधिक नेमकी आहेत, कारण इनर्ट म्हणजे निष्क्रिय, आणि साध्या लोखंडाच्या मिगमध्ये वापरला जाणारा कार्बन डायऑक्साइड आर्कच्या उष्णतेत निष्क्रिय राहतच नाही, त्याचे विघटन होते. त्यामुळे शास्त्रीय काटेकोरपणाने त्या पद्धतीला मॅग, म्हणजे मेटल ॲक्टिव्ह गॅस, म्हणावे लागते.

दोन्ही पद्धती दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे आकाराला आल्या. अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ याने 1941 साली मॅग्नेशियमसारखा चटकन पेट घेणारा धातू जोडण्यासाठी टंगस्टनचे टोक आणि हेलियम वायू यांची सांगड घातली आणि 1942 मध्ये त्याला पेटंट मिळाले. मिगचा विकास 1948 मध्ये ओहायोतल्या बॅटेल संस्थेत झाला, पण महाग वायूमुळे ती प्रथम ॲल्युमिनियमपुरतीच राहिली. 1953 मध्ये सोव्हिएत संशोधकांनी स्वस्त कार्बन डायऑक्साइड वापरून दाखवल्यावर ती लोखंडाच्या कामात पसरली. मुंबईत याच सुमारास, 1951 मध्ये, अडवाणी-ओर्लिकॉन ही कंपनी स्थापन झाली, जी आज एडोर वेल्डिंग या नावाने ओळखली जाते, आणि देशी रॉड व यंत्रे कारागिरांच्या हाती येऊ लागली. घरगुती छंदाचा प्रश्न मात्र त्यानंतर कित्येक दशकांनी उभा राहिला, कारण जुने ट्रान्सफॉर्मरचे यंत्र उचलायलाच दोन माणसे लागत. नंतर आलेले इन्व्हर्टर यंत्र विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून लहानशा ट्रान्सफॉर्मरवर काम भागवते. ते खांद्याला अडकवून नेता येते आणि घरच्या 230 व्होल्टच्या सिंगल फेज विजेवर चालते.

मिग यंत्रात तारेचे रीळ असते. टॉर्चचे बटण दाबले की तांब्याचा मुलामा दिलेली, बहुधा 0.8 मिलिमीटर जाडीची तार पन्हाळीसारख्या लवचिक नळीतून सरकत बाहेर येते, आणि तीच वीज वाहून नेते, तीच वितळते, तीच भर घालते. यंत्र व्होल्टेज स्थिर ठेवते आणि प्रवाह तारेच्या वेगावर ठरतो, त्यामुळे हात थोडा मागेपुढे झाला तरी आर्कची लांबी आपोआप सावरली जाते. पातळ पत्र्यावर तार सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा तळ्याला टेकते, तुटते आणि पुन्हा पेटते. मांडणी बरोबर जमली की कढईतल्या तापल्या तेलात बोंबील सोडावा तसा सलग, एकसारखा चुरचुराट ऐकू येतो, आणि तारेचा वेग जास्त झाला की तो मोडून फटफट आवाज येऊ लागतो. शिकणाऱ्याने यंत्रावरच्या आकड्यांपेक्षा या आवाजावर अधिक विश्वास ठेवावा.

टिगमध्ये आर्क टंगस्टनच्या अणकुचीदार टोकावरून निघते. टंगस्टन सुमारे 3,420 अंशांवर वितळतो, म्हणून हे टोक स्वतः न वितळता फक्त उष्णता पुरवते आणि भरीची सळई दुसऱ्या हाताने, थेंबाथेंबाने, तळ्यात बुडवावी लागते. अनेक यंत्रांत पायाखाली पेडल असते आणि त्याने प्रवाह कमीजास्त करतात. म्हणजे एक हात टॉर्चला, दुसरा सळईला आणि पाय पेडलला, असे तीन अवयव एकाच वेळी तीन वेगळी कामे करतात. हे शिवणयंत्र चालवण्याजवळ जाणारे कौशल्य आहे आणि ते अंगवळणी पडायला आठवडे नव्हे, महिने लागतात. पण त्या बदल्यात तळे स्वच्छ दिसते, ठिणग्या उडत नाहीत, खपली नसते, आणि लोखंडाला दर मिलिमीटर जाडीमागे साधारण 40 अँपिअर या अंदाजाने प्रवाह ठेवला तर 1 मिलिमीटरचा पत्राही भोक न पडता जोडता येतो.

नवशिक्याला पहिल्या दिवशी मिग सोपी वाटते, आणि तिचा खरा धोका तिथेच आहे. तार न थांबता येत राहते, म्हणून खालचा धातू पुरेसा वितळलेला नसतानाही वर नीटस लहरींची वेणी चढत जाते. जोड सुंदर दिसतो, पण तो पत्र्यावर नुसता बसलेला असतो. टिगमध्ये असे सहसा होत नाही, कारण तळे तयार झाल्याशिवाय सळई घालण्याची सोयच नसते. ही फसगत घरच्या घरी उघडकीस आणता येते. 3 मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या एकमेकींवर काटकोनात उभ्या करून एकाच बाजूने जोड घालावा, आडवी पट्टी वाइसमध्ये पकडावी आणि उभी पट्टी हातोड्याने जोडाच्या बाजूलाच दुमडावी, म्हणजे जोडाचे मूळ उघडे पडते. जोड मुळाशी विरघळलेला असेल, तर पट्टी वाकेल किंवा धातू फाटून खडबडीत, राखाडी कणीदार भाग दिसेल. तो नुसता बसलेला असेल, तर सगळी वेणी एका तुकड्यात सुटून येते आणि खालच्या पट्टीवर ग्राइंडरने आधी काढलेले बारीक ओरखडे जसेच्या तसे, चकाकत दिसतात. असे ओरखडे दिसले तर प्रवाह वाढवावा, हात सावकाश न्यावा आणि तार तळ्याच्या पुढच्या कडेवर रोखावी. झोपाळा, शिडी, बाल्कनीचा कठडा यांसारख्या, माणसाचे वजन पेलणाऱ्या वस्तू, पाच-पंचवीस पट्ट्या अशा मोडून पाहिल्याशिवाय कोणाही शिकाऊ माणसाने करू नयेत.

हे सारे कोणत्याही गावाला लागू आहे. पण निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने ठरतो तो जागेवरून, आणि गोराई हे नाव धारण करणाऱ्या दोन जागा या दृष्टीने फार बोलक्या आहेत. बोरिवली पश्चिमेला, खाडीच्या अलीकडे, गोराईची वसाहत आहे; जागतिक बँकेच्या साहाय्याने 1985 ते 1994 या काळात राबवलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात चारकोप, मालवणी यांच्याबरोबर इथे लहान लहान भूखंड, पाणी, गटार आणि वीज एवढे पुरवले गेले आणि घरे लोकांनी आपापल्या ऐपतीने बांधली. खाडीच्या पलीकडे, मनोरी आणि उत्तन यांच्या शेजारी, मूळ गोराई गाव आहे, जिथे कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची जुनी वस्ती, ओटे, नारळीची झाडे आणि पश्चिमेला उघडा समुद्र आहे. बोरिवलीहून तिथे जायचे तर फेरीबोटीने खाडी ओलांडावी लागते, नाहीतर भाईंदर-उत्तनवरून मोठा वळसा घालून रस्त्याने पोहोचावे लागते.

पलीकडच्या गावात पहिला शत्रू वारा. टॉर्चमधून येणारा वायू म्हणजे तळ्यावर धरलेली एक नाजूक छत्री असते, आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला 2 मीटरच्या आसपास गेला की ती उडू लागते. समुद्रावरून येणारा दुपारचा वारा सहज याहून जोरात वाहतो. वायूचा प्रवाह वाढवून हे भागत नाही, कारण नळीतून फार जोराने सोडलेला वायू भोवरे करून उलट हवाच आत ओढतो. अंगणात लोखंडी फाटकाचे काम काढले आणि जोडावर अळिंबीसारखी भोके दिसू लागली, तर दोष बहुधा यंत्राचा नसतो. पत्र्याचा किंवा जाड ताडपत्रीचा आडोसा करावा, नाहीतर सकाळी वारा पडलेला असताना काम उरकावे. याच कारणामुळे बिनवायूची मिग, म्हणजे पोकळ तारेच्या पोटात रॉडच्या लेपनासारखी भुकटी भरलेली फ्लक्स-कोअर तार, किनाऱ्यावरच्या उघड्या कामाला जास्त उपयोगी पडते. तिच्यात धूर आणि ठिणग्या भरपूर असतात, खपली झाडावी लागते आणि बहुतेक अशा तारांसाठी यंत्रातली जोडणी उलटी करून टॉर्च ऋण टोकाला लावावी लागते. ही उलटापालट विसरली, की तार थुंकत राहते आणि जोड उथळ होतो.

दुसरी अडचण सिलिंडरची. आर्गन हवेत 0.93 टक्के असतो आणि हवा थंड करून तो वेगळा काढतात. सिलिंडरमध्ये तो वायुरूपातच, साधारण 150 बार दाबाने भरलेला असतो. 10 लिटर पाणी मावेल एवढ्या लहान सिलिंडरमध्ये या हिशेबाने सुमारे 1,500 लिटर वायू बसतो आणि मिनिटाला 10 लिटर वापर धरला तर प्रत्यक्ष आर्क पेटलेली असण्याचे अडीच तास मिळतात. कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो आणि वजनावर विकला जातो. 1 किलोपासून सुमारे 540 लिटर वायू, म्हणजे त्याच वापराने तासाभरापेक्षा थोडी कमी आर्क मिळते, आणि तो स्वस्त पडतो. मात्र द्रवाचा वायू होताना रेग्युलेटर गारठून त्यावर बर्फ जमतो, म्हणून सतत कामासाठी हीटर असलेला रेग्युलेटर घ्यावा लागतो. टिगसाठी कार्बन डायऑक्साइड चालत नाही, टंगस्टनचे टोक क्षणात जळून जाते. तिथे शुद्ध आर्गनच हवा. सिलिंडर भरण्याचे नियम गॅस सिलिंडर रूल्स, 2016 मध्ये आहेत आणि त्यांची अंमलबजावणी नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम तथा विस्फोटक सुरक्षा संस्था करते. विकत घेताना खांद्यावर कोरलेली दाबचाचणीची तारीख वाचून घ्यावी, कारण मुदत टळलेला सिलिंडर अधिकृत भरणा केंद्र स्वीकारत नाही. पलीकडच्या गावात राहणाऱ्याला प्रत्येक भरणीसाठी सिलिंडर उभा बांधून, झडपेवर टोपण घट्ट बसवून, रस्त्याचा वळसाच घ्यावा लागतो, आणि प्रवाशांनी भरलेल्या बोटीत तो नेण्याचा विचारही करू नये.

यावरून गावासाठी बिनवायूची मिग किंवा साधा रॉड आणि वसाहतीसाठी टिग, असे वाटू लागते, आणि या लेखनाचा कल बऱ्याच अंशी तिकडेच आहे. वसाहतीत काम एखाद्या पोटमाळ्याखाली, भिंतीला भिंत लागलेल्या घरात करायचे असते. तिथे मिगच्या ठिणग्या पडद्यापर्यंत उडतात, धूर शेजारच्या खिडकीत जातो, तर टिग जवळजवळ मुकाट्याने चालते. पण मूक म्हणजे निरुपद्रवी नव्हे. आर्गन हवेच्या सुमारे 1.4 पट जड असतो, गंधहीन असतो आणि बंद खोलीत खाली साचून ऑक्सिजनची जागा घेतो. त्यामुळे दार उघडे आणि जमिनीलगत हवा खेळती हवीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला आहे, आणि ते वर्गीकरण टिगच्या पातळ, जवळजवळ न दिसणाऱ्या धुरालाही लागू आहे.

निवडीचा तिसरा धागा धातूचा आहे आणि गोराईत तो खाऱ्या हवेशी गुंतलेला आहे. साधे लोखंड, म्हणजे दुकानात ज्याला एम.एस. म्हणतात ते, समुद्राजवळ रंगाखालूनही गंजते, म्हणून लोक कठडे, नावेचे आकडे, शिडी यांसाठी स्टेनलेस स्टील मागतात. नेहमीचे 304 प्रतीचे स्टील साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेलचे असते. 316 प्रतीत 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असल्याने ते मिठाला जास्त तोंड देते. स्टेनलेसचा टिकाऊपणा त्याच्या पृष्ठभागावरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडच्या थरात असतो, आणि वेल्डिंगची उष्णता तोच थर बिघडवते. टिगने घातलेल्या जोडाच्या कडेला रंगाचे पट्टे उमटतात: फिकट गवती किंवा सोनेरी असेल तर वायूची छत्री चांगली राहिली, जांभळा-निळा असेल तर उष्णता जास्त झाली, आणि करडा, खरबरीत असेल तर हवा आत शिरली. निळ्या आणि करड्या पट्ट्याखालचे क्रोमियम ऑक्सिडीकरणात खर्ची पडलेले असते, म्हणून समुद्रकाठी पहिल्या पावसाळ्यातच नेमक्या त्या पट्ट्यावर चहाच्या डागांसारखे तांबूस ओघळ येतात. जोड झाल्यावर टॉर्च लगेच उचलू नये, दर 10 अँपिअरमागे सुमारे 1 सेकंद वायू चालू ठेवून जोड आणि टंगस्टन दोन्ही निववावेत, आणि उरलेला रंग स्टेनलेसच्याच, लोखंडाला कधी न लावलेल्या ब्रशने व आम्लयुक्त पिकलिंग पेस्टने काढावा. मिगने स्टेनलेस जोडता येते, पण त्यासाठी कार्बन डायऑक्साइड नव्हे, तर बहुतांश आर्गन असलेले मिश्रण आणि वेगळी तार लागते. घरी वर्षाला चार जोड घालणाऱ्याने त्या फंदात पडू नये. ॲल्युमिनियमची गोष्ट आणखी निराळी आहे: धातू 660 अंशांवर वितळतो आणि त्यावरचा ऑक्साइड 2,000 अंशांच्या वर, त्यामुळे तो थर फोडण्यासाठी एसी प्रवाह देणारे टिग यंत्र हवे, आणि बाजारातली स्वस्त टिग यंत्रे फक्त डीसी देतात. हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे, कारण नंतर त्यावर उपाय नाही.

जस्ताचा मुलामा दिलेला जी.आय. पाइप गोराईत सर्वत्र आहे. जस्त 907 अंशांवर उकळते, म्हणजे लोखंड वितळण्याच्या कितीतरी आधी, आणि त्याचा पांढरा धूर श्वासात गेला की त्याच रात्री थंडी वाजून ताप भरतो. जोडाच्या दोन्ही बाजूंनी दोन बोटे रुंदीचा मुलामा ग्राइंडरने काढून, तोंडाला योग्य मास्क लावून, उघड्यावरच हे काम करावे. टिगला असा पाइप मुळीच सोसत नाही. जस्ताचा एक फुगा टंगस्टनवर उडाला की टोक पुन्हा घासावे लागते. टंगस्टन घेताना तांबड्या पट्टीचा घेऊ नये, त्यात किरणोत्सारी थोरियम असते आणि घासताना त्याची धूळ नाकात जाते. सोनेरी किंवा निळ्या पट्टीचा लँथेनमयुक्त घ्यावा.

विजेचा हिशेब सोपा आहे. 100 अँपिअरवर रॉडची आर्क सुमारे 24 व्होल्ट घेते, मिगची 19 आणि टिगची 14. म्हणजे अनुक्रमे 2.4, 1.9 आणि 1.4 किलोवॉट, त्यावर यंत्रातला अपव्यय वेगळा. घरातला 16 अँपिअरचा सॉकेट 230 व्होल्टवर जेमतेम 3.7 किलोवॉटचा, त्यामुळे पेटीवर 200 अँपिअर लिहिलेले असले तरी घरी 100 ते 120 च्याच आसपास राहावे लागते, आणि सोळा गेजच्या, म्हणजे 1.6 मिलिमीटरच्या पाइपला तेवढे पुष्कळ होते. पेटीवरचा दुसरा आकडा ड्युटी सायकलचा: 40 अंश तापमानात 10 मिनिटांपैकी किती मिनिटे यंत्र सलग चालेल याची टक्केवारी. जोडतारेचे लांबच लांब भेंडोळे वापरले की व्होल्टेज पडते आणि भेंडोळेच तापते.

पावसाळ्यात घामाने भिजलेले अंग, ओली फरशी आणि रॉड किंवा टिगच्या यंत्राच्या टोकांवर रिकामे असताना असणारे 60 ते 80 व्होल्ट एकत्र आले, की झटका जिवावर बेतू शकतो. कोरडे चामडी हातमोजे आणि पायाखाली लाकडी पाट या दिवसांत वगळू नयेत. झावळ्या आणि नायलॉनची जाळी कामाच्या जागेपासून लांब हलवावीत. आर्कच्या अतिनील किरणांनी डोळे लगेच नव्हे, सहा ते बारा तासांनी चुरचुरतात, मध्यरात्री वाळू गेल्यासारखे वाटते. म्हणून टॅक, म्हणजे तात्पुरता ठिपक्याएवढा जोड, मारण्यापुरतेही डोळे मिटून काम भागवण्याची नाक्यावरची सवय घरात आणू नये.

ज्याला फाटक, मांडणी, कुंड्यांचे स्टँड असे साध्या लोखंडाचे काम करायचे आहे, त्याने बिनवायूची तारही चालवणारे आणि रॉडही जोडता येणारे मिग यंत्र घ्यावे. ज्याला स्टेनलेस, पातळ पत्रा किंवा सायकलची नळी खुणावते आणि ज्याच्याकडे महिनोन्‌महिने तुकडे जाळायची चिकाटी आहे, त्याने टिग. टिगचे यंत्र रॉडही चालवत असल्याने अंगणातल्या वाऱ्यात ते अगदीच निरुपयोगी ठरत नाही. मिग, टिग आणि रॉड एकत्र देणाऱ्या थ्री-इन-वन यंत्रांतली टिग बहुधा डीसीची असते आणि टोक धातूला टेकवून उचलल्यावर पेटते. ती शिकण्यापुरती ठीक आहे, पण पेडल आणि वायूची आपोआप चालणारी झडप त्यात सहसा नसते. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरच्या अवजारांच्या दुकानांत तिन्ही प्रकार शेजारी शेजारी ठेवलेले असतात. तिथे यंत्र पाहताना त्या टॉर्चला, त्या रिळाला सुटे भाग बोरिवलीतच मिळतात का, हे विचारायला विसरू नये.

जून उजाडण्यापूर्वी मिगचे रीळ यंत्रातून काढून सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट पिशवीत बांधावे, कारण यंत्रातच राहिलेल्या तारेवर श्रावणापर्यंत गंजाचे ठिपके चढतात, ते नळीत खरवडले जातात आणि पाऊस ओसरल्यावर पहिल्याच जोडाला तार अडकते. टिगच्या सळया दोन्ही तोंडांना बूच लावलेल्या पी.व्ही.सी. पाइपमध्ये राहतात. यंत्र मात्र दोन्ही काठांवर घरातच, जमिनीपासून वर, सुती कापडाने झाकून ठेवावे आणि महिन्यातून एकदा रिकामेच अर्धा तास चालू करून आतल्या पंख्याने त्यातला खारा दमटपणा बाहेर जाऊ द्यावा.